कुरआन पठणातील उच्चारशास्त्र : तज्वीदचे नियम आणि मराठी भाषक अध्येता

बीजशब्द : तज्वीद, मख़रज, सिफ़त, ग़ुन्ना, मद्द, वक़्फ़, लहन, मौखिक परंपरा

प्रस्तावना :

देवनागरी लिपीत ‘अलीम’ असा शब्द लिहिला, तर त्यातून कुरआनातील दोन निराळे शब्द वाचले जाऊ शकतात. एकाचा अर्थ ‘सर्वज्ञ’ असा असून ते ईश्वराचे विशेषण आहे. दुसऱ्याचा अर्थ ‘क्लेशकारक’ असा असून तो परलोकातील शिक्षेच्या वर्णनात येतो. अरबीत पहिल्या शब्दाचा आरंभ ‘ऐन’ या कंठ्य वर्णाने होतो, तर दुसऱ्याचा ‘हमज़ा’ने. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी मात्र दोन्ही ठिकाणी ‘अ’ हाच एक उच्चार येतो. नुक्ता देऊन ‘ज़ल्ल’ असे लिहिले तर घोटाळा आणखी वाढतो. ‘वाट चुकला’, ‘एखाद्या स्थितीत राहिला’, ‘घसरला’ आणि ‘हीन झाला’ अशा चार अर्थांची चार निरनिराळी अरबी क्रियापदे या एकाच लेखनात सामावतात. उर्दूत ही चार अक्षरे (ज़ाद, ज़ोय, ज़े व ज़ाल) वेगवेगळी लिहिली जात असली, तरी त्यांचा उच्चार एकच केला जातो. त्यामुळे घरी दखनी उर्दू बोलणारा विद्यार्थीही याबाबतीत मराठी विद्यार्थ्याहून फारसा पुढे नसतो.

सामान्य भाषाव्यवहारात असा फरक संदर्भाने भरून निघतो. कुरआनचे पठण हा मात्र उपासनेचा भाग आहे. दिवसातील पाच फ़र्ज़ नमाजांच्या एकंदर 17 रकअती होतात व नमाजेत ‘फ़ातिहा’ या सात आयतींच्या सूरहचे पठण वारंवार होते. कोकण किनाऱ्यावरील मुस्लिम समाज मुख्यत्वे शाफ़ई पंथाचा अनुयायी आहे. या पंथात इमामाच्या मागे उभे राहणाऱ्यालाही फ़ातिहाचे पठण स्वतः करणे आवश्यक मानले जाते. फ़ातिहातील द्वित्त वर्णांची संख्या 14 असून त्यांपैकी एखादे द्वित्त गाळले तरी पठण सदोष ठरते, इतक्या बारकाईने शाफ़ई धर्मशास्त्रकारांनी हा विचार केला आहे. हे उच्चार ज्या शास्त्राच्या आधारे शिकविले जातात ते ‘तज्वीद’ होय. त्याचे नियम ग्रंथबद्ध असूनही ते केवळ ग्रंथावरून का शिकता येत नाहीत आणि मराठी भाषक अध्येत्याला त्यातील कोणत्या गोष्टी सुलभ वा दुष्कर जातात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तज्वीद : संज्ञा व पूर्वपीठिका :

‘तज्वीद’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘उत्तम करणे’ असा आहे. शास्त्रीय परिभाषेत प्रत्येक वर्णाला त्याचा हक्क आणि त्याचे देय देणे म्हणजे तज्वीद, अशी व्याख्या केली जाते. येथे ‘हक्क’ म्हणजे वर्णाचे उच्चारस्थान व त्याचे नित्य गुण, तर ‘देय’ म्हणजे शेजारच्या वर्णांमुळे त्यास प्राप्त होणारे नैमित्तिक गुण. कुरआनच्या 73व्या सूरहमधील चौथ्या आयतीत पठण संथ व सुस्पष्ट करण्याचा जो आदेश आहे, तो या शास्त्राचा धार्मिक आधार मानला जातो.

आरंभीच्या हस्तलिखितांत ऱ्हस्व स्वरांची चिन्हे नव्हती आणि सारख्या आकाराची अक्षरे वेगळी ओळखण्यासाठी लागणारे बिंदूही विरळाच दिले जात. ज्याला पाठ मुखोद्गत आहे त्याला ही लिपी स्मरणापुरती पुरेशी होती. अरबस्तानाबाहेरील समाज इस्लाममध्ये आल्यानंतर ती अपुरी पडू लागली. रंगीत बिंदूंनी स्वर दर्शविण्याच्या पद्धतीचे श्रेय परंपरेने अबुल् अस्वद अद्-दुअली (मृत्यू इ.स. 688) यांना दिले जाते. आज प्रचलित असलेल्या स्वरचिन्हांचे जनकत्व बसरा येथील ख़लील बिन अहमद या आठव्या शतकातील वैयाकरणाकडे जाते. ख़लील यांनी आपल्या शब्दकोशाची रचना वर्णमालेच्या रूढ क्रमाने न करता उच्चारस्थानांच्या क्रमाने, म्हणजे कंठापासून ओठांकडे, केली. संस्कृत वर्णमालेचा क्रम परिचित असणाऱ्या वाचकास हे साम्य तत्काळ जाणवेल. त्यावरून भारतीय प्रभावाचा तर्कही काही अभ्यासकांनी मांडला आहे. तथापि त्यास थेट पुरावा उपलब्ध नाही आणि दोन समाजांनी एकाच गरजेपोटी एकाच क्रमाला पोहोचणे अशक्य नाही. ख़लील यांचे शिष्य सीबवैह हे जन्माने इराणी होते. अरबी ध्वनींचे सर्वांत सूक्ष्म वर्णन एका परभाषकाने करावे, ही बाब लक्षणीय आहे. मातृभाषेतील जे ध्वनी बोलणाऱ्याला जाणवतही नाहीत, ते बाहेरून आलेल्याच्या कानाला खटकतात.

पुढे दहाव्या शतकात अबू मुज़ाहिम अल्-ख़ाक़ानी (मृत्यू इ.स. 937) यांनी या विषयावर पहिले पद्य रचले. अकराव्या शतकात मक्की बिन अबी तालिब आणि अबू अम्र अद्-दानी यांचे गद्यग्रंथ आले. या परंपरेचा कळस म्हणजे दमास्कस येथे जन्मलेले इब्नुल् जज़री (इ.स. 1350–1429) होत. त्यांचे शंभराहून किंचित अधिक बैतांचे ‘मुक़द्दमा’ हे पद्य आजही विद्यार्थी मुखोद्गत करतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कुरआन पठणाच्या दहा मान्य परंपरा असून त्यांना ‘क़िराअत’ म्हणतात. भारतात सर्वत्र कूफ़ा येथील आसिम यांची, त्यांचे शिष्य हफ़्स (मृत्यू इ.स. 796) यांच्याद्वारे आलेली परंपरा चालते. इ.स. 1924 मध्ये कैरो येथे सिद्ध झालेल्या मुद्रित प्रतीनंतर ती जगात सर्वाधिक प्रसृत झाली. उत्तर व पश्चिम आफ्रिकेत वर्श यांची परंपरा प्रचलित आहे. पुढील विवेचन हफ़्स यांच्या परंपरेस अनुसरून आहे.

मख़रज : उच्चारस्थाने :

‘मख़रज’ म्हणजे वर्ण जेथून बाहेर पडतो ते स्थान. सीबवैह यांनी अशी 16 स्थाने मानली, तर इब्नुल् जज़री यांनी 17. ही 17 स्थाने पाच प्रदेशांत विभागली आहेत. मुखाच्या पोकळीत एक स्थान असून तेथून तीन दीर्घ स्वर निघतात. कंठात तीन स्थाने व सहा वर्ण, जिभेवर दहा स्थाने व 18 वर्ण, ओठांवर दोन स्थाने व चार वर्ण आहेत. उरलेले एक स्थान नासिकेतील असून ते अनुनासिक नादाचे, म्हणजे ‘ग़ुन्ना’चे आहे.

मराठी भाषकाची पहिली अडचण कंठात येते. मराठीत कंठाच्या प्रदेशातून येणारा ‘ह’ हा एकच व्यंजनवर्ण आहे, अरबीत तेथे सहा आहेत. कंठाच्या तळाशी हमज़ा व हलका ‘ह’, मध्यभागी ऐन व जड ‘ह’ आणि वरच्या टोकाशी ‘ख़’ व ‘ग़’ अशी त्यांची विभागणी आहे. जड ‘ह’ शिकविताना काचेवर तोंडाची वाफ सोडण्याचे उदाहरण अनेकदा दिले जाते. पण त्याने मिळतो तो हलका ‘ह’. जड ‘ह’साठी कंठाचा मधला भाग आवळावा लागतो. दुसरी अडचण ‘क़ाफ़’ची. तो मराठी ‘क’च्याही मागे, पडजिभेपाशी उच्चारला जातो. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, हे उदाहरण मकतबातील प्रत्येक मुलाने ऐकलेले असते.

काही ठिकाणी मराठी साहाय्यक ठरते. मराठीत ‘ज’चे दोन उच्चार आहेत. ‘जीवन’मधील तालव्य आणि ‘जाळे’मधील दंतमूलीय. दुसरा उच्चार अरबी ‘ज़े’च्या बराच जवळ जातो. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला ‘ज़े’ सहज साधतो. मात्र ‘जीम’ वाचताना हीच सवय आडवी येते व पुढे आकार आला की तालव्य ‘ज’ नकळत ‘जाळे’तल्या ‘ज’कडे झुकतो. ‘व’च्या बाबतीतही असाच सूक्ष्म भेद आहे. मराठी ‘व’मध्ये खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, अरबी ‘वाव’ दोन्ही ओठ गोल करून उच्चारावयाचा असतो.

तथापि सर्वांत वादग्रस्त वर्ण ‘ज़ाद’ हा होय. अरबीला ‘ज़ादची भाषा’ असे जे अभिमानाने म्हटले जाते ते या वर्णावरूनच. सीबवैह यांच्या वर्णनानुसार जिभेची कड वरच्या दाढांना लावून हा वर्ण बाजूने काढावयाचा असतो, म्हणजे त्यात ‘ल’सारखा पार्श्विक गुण आहे. अरबी ‘क़ाज़ी’ या शब्दावरून स्पॅनिशमध्ये ‘अल्काल्दे’ (नगराध्यक्ष) हा शब्द आला. त्यातील ‘ल्द’ हा जोडवर्ण त्या जुन्या पार्श्विक उच्चाराची साक्ष देतो. आज इजिप्त व अन्य अरब देशांत बहुधा जड ‘द’सारखा उच्चार ऐकू येतो, तर भारतात फार्सी-उर्दूच्या प्रभावाने ‘ज़’ रूढ झाला. फ़ातिहाच्या अखेरच्या शब्दात हा वर्ण येत असल्याने ‘द्वाल्लीन’ की ‘ज़्वाल्लीन’ हा प्रश्न प्रत्येक मशिदीत उपस्थित होणे स्वाभाविक होते. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत या एका वर्णावर उत्तर भारतात फतवे निघाले, पुस्तिका लिहिल्या गेल्या. दोन्ही बाजूंच्या जाणकारांना एक गोष्ट मात्र मान्य होती, ती म्हणजे शुद्ध ‘द’ आणि शुद्ध ‘ज़’ हे दोन्ही उच्चार चूक आहेत. वाद होता तो अचूक उच्चार न साधल्यास कोणती चूक अधिक क्षम्य, याविषयी.

सिफ़त : वर्णांचे गुण :

एकाच स्थानातून निघणारे वर्ण परस्परांपासून वेगळे होतात ते गुणांमुळे. घोष-अघोष, स्पर्श-घर्षक हे भेद भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकांस परिचित असल्याने त्यांची पुनरावृत्ती येथे अनावश्यक आहे. अरबीचे वैशिष्ट्य आहे ते ‘इस्तिअला’ व ‘इत्बाक़’ या गुणांत. सात वर्णांच्या उच्चारात जिभेचा मागील भाग टाळूकडे उचलला जातो व ध्वनी भारदस्त होतो. त्यांपैकी साद, ज़ाद, तोय व ज़ोय या चार वर्णांत जीभ टाळूला जणू झाकण घालते. ‘असा’ हा शब्द सीनने उच्चारल्यास ‘कदाचित’ आणि सादने उच्चारल्यास ‘त्याने अवज्ञा केली’ असा अर्थ होतो. मराठी कानाला हा फरक व्यंजनात ऐकू न येता पुढील स्वरात ऐकू येतो. सादनंतरचा आकार किंचित ‘ऑ’कडे झुकल्यासारखा वाटतो. अनेक विद्यार्थी म्हणून व्यंजन तसेच ठेवून केवळ ओठ गोल करतात. परिणाम ऐकण्यास साधारण तसाच होतो, परंतु शिक्षकांच्या दृष्टीने तो दोषच होय, कारण भारदस्तपणा जिभेच्या मुळापासून यावयास हवा.

‘क़ल्क़ला’ हा आणखी एक गुण. क़ाफ़, तोय, बे, जीम व दाल हे पाच वर्ण स्वररहित आले असता त्यांना हलका धक्का देऊन मोकळे करावे लागते. मराठीत ‘जप’, ‘पद’ अशा शब्दांत अन्त्य ‘अ’ लुप्त होतो व व्यंजन गिळले जाते. तीच सवय येथे आली की वर्ण ऐकूच येत नाही. उलट बाजूस धक्क्याऐवजी पूर्ण ‘अ’ लावणे हाही दोषच आहे.

नून साकिनचे नियम आणि मराठी अनुस्वार :

स्वररहित ‘न’ (नून साकिन) व शब्दान्तीचा ‘तन्वीन’ यांचे नियम हे तज्वीदच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे केंद्र होय. पुढे येणाऱ्या 28 वर्णांनुसार या ‘न’च्या चार अवस्था होतात. सहा कंठ्य वर्णांपूर्वी तो स्वच्छ उच्चारला जातो (इज़हार). सहा वर्णांपूर्वी तो पुढील वर्णात मिसळतो (इदग़ाम). ‘ब’पूर्वी त्याचा ‘म’ होतो (इक़लाब). उरलेल्या 15 वर्णांपूर्वी तो लपविला जातो (इख़फ़ा).

मराठी भाषकाने हे नियम पाठ करण्यापूर्वी स्वतःच्या भाषेतील अनुस्वाराकडे लक्ष दिल्यास त्याला बरेच काही आधीच ठाऊक असल्याचे दिसून येईल. ‘अंबर’, ‘कंबर’ या शब्दांत अनुस्वाराचा ‘म्’ होतो, हाच इक़लाब. ‘संयम’ हा शब्द मराठीत ‘सँय्यम’सारखा आणि ‘संवाद’ हा ‘सँव्वाद’सारखा उच्चारला जातो. ‘य’ व ‘व’पूर्वी नून नासिक्य राखून पुढील वर्णात मिसळतो, तो ग़ुन्नासह इदग़ाम नेमका हाच आहे. ‘मन्’ या शब्दापुढे ‘य’ने आरंभ होणारे क्रियापद आले की ‘मँय्य’ असा उच्चार होतो, हे मराठी विद्यार्थ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

साम्य येथवरच. ‘संलग्न’मध्ये मराठी नासिक्य उच्चार टिकवते. अरबीत ‘ल’ व ‘र’पूर्वी नून पूर्णपणे मिसळतो आणि नासिक्याचा अंशही उरता कामा नये. ‘संहार’ या शब्दात मराठी भाषक ‘न’ उच्चारत नाही, तो ‘सौंहार’सारखा नासिक्य स्वर काढतो. कुरआनातील ‘अन्हार’ (नद्या) या शब्दात मात्र जिभेचे टोक दंतमूलाला लावून स्वच्छ ‘न’ काढावाच लागतो. ‘संहार’च्या वळणाने ‘अन्हार’ वाचणे ही मराठी भाषकाची नमुनेदार चूक म्हणता येईल. तिचे मूळ आळसात नसून मातृभाषेच्या नियमात आहे.

इख़फ़ा सर्वांत कठीण. ‘अंत’, ‘आनंद’ यांत मराठीत जीभ दातांना पूर्णपणे टेकते. ‘अन्तुम’ (तुम्ही) या अरबी शब्दात जीभ ‘त’च्या स्थानाजवळ न्यावयाची, टेकवायची नाही, आणि सुमारे दोन मात्रांइतका वेळ नाकातून नाद धरून मग ‘त’वर यावयाचे. तो ‘न’ही नाही आणि मराठी अनुस्वारही नाही. लिहून दाखविण्याचा कोणताही प्रयत्न येथे अपुरा पडतो. या नियमांना अपवादही आहेत. ‘दुनिया’ हा शब्द भारतीय भाषांत सर्वपरिचित आहे. त्यात नूनच्या पुढे ‘य’ असूनही दोन्ही वर्ण एकाच शब्दात असल्याने इदग़ाम होत नाही. असे एकंदर चारच शब्द कुरआनात आहेत.

मद्द : कालमानाचा प्रश्न :

अरबीत स्वराची लांबी अर्थभेदक आहे. ‘क़ाल’ या क्रियापदातील अन्त्य ‘अ’ ऱ्हस्व ठेवल्यास ‘तो म्हणाला’ आणि दीर्घ केल्यास ‘ते दोघे म्हणाले’ असा अर्थ होतो. मराठी बोलीत इ-ई व उ-ऊ यांचा भेद लेखनात कसोशीने पाळला जात असला तरी उच्चारात तो शिथिल असतो. शिवाय शब्दान्तीचा ‘अ’ एक तर लुप्त होतो किंवा लांबतो. त्यामुळे ऱ्हस्व अन्त्य स्वर ऱ्हस्वच ठेवणे ही मराठी विद्यार्थ्याची खरी कसोटी ठरते.

नैसर्गिक मद्द दोन मात्रांची असते. दीर्घ स्वरानंतर त्याच शब्दात हमज़ा आल्यास ती चार वा पाच मात्रांची होते आणि दीर्घ स्वरानंतर द्वित्त वर्ण आल्यास सहा मात्रांची. आयतीच्या शेवटी थांबताना दोन, चार किंवा सहा यांपैकी कोणतेही प्रमाण घेता येते. मात्र जे घेतले ते त्या बैठकीत सर्वत्र सारखे ठेवावे लागते. फ़ातिहाच्या अखेरच्या शब्दात सहा मात्रांची मद्द आणि थांबण्याची मद्द एकामागून एक येतात. वर उल्लेखिलेला ज़ादही तेथेच असल्यामुळे या एका शब्दावरून पठणकर्त्याची तयारी ओळखता येते.

मात्रा म्हणजे किती काळ? जुने शिक्षक बोट मिटण्यास वा उघडण्यास लागणारा वेळ हे माप सांगतात. हे माप घड्याळाचे नव्हे. संथ (तहक़ीक़), मध्यम (तदवीर) व द्रुत (हद्र) अशा पठणाच्या गती असून मात्रा त्या गतीनुसार आखूड वा लांब होते. संगीतातील लयीप्रमाणेच येथे महत्त्व प्रमाणाला आहे. सेकंदांत मोजमाप देणाऱ्या काही अलीकडील पुस्तिकांनी या बाबतीत विद्यार्थ्यांची दिशाभूलच केली आहे, असे म्हणावे लागते.

वक़्फ़ : विरामाचे नियम :

कोठे थांबावे यावरही अर्थ अवलंबून असतो. 36व्या सूरहच्या 76व्या आयतीत, विरोधकांच्या बोलण्याने तू दुःखी होऊ नकोस, असे पैगंबरांना सांगितले असून त्यापुढे, ते जे लपवितात व जे प्रकट करतात ते आम्ही जाणतो, असे ईश्वराचे वचन आहे. मध्ये न थांबता वाचल्यास दुसरे वाक्य विरोधकांच्याच तोंडचे असल्याचा भास होतो. म्हणून तेथे थांबणे अनिवार्य मानून ‘मीम’ हे चिन्ह दिले जाते. भारतीय उपखंडातील मुद्रित प्रतींत मीम, तोय, जीम इत्यादी विरामचिन्हांची जी पद्धत आढळते, ती बाराव्या शतकातील सजावंदी या विद्वानाची आहे. अरब देशांतून येणाऱ्या प्रतींत निराळी चिन्हे असतात. हज वा नोकरीनिमित्त तिकडून आणलेली प्रत घरातील भारतीय प्रतीशेजारी ठेवून वाचणाऱ्यास गोंधळल्यासारखे होते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

ग्रंथात न मावणारे उच्चार :

वरील नियम शब्दांत मांडता येतात. काही उच्चार मात्र असे आहेत की तेथे लेखन हतबल ठरते. हफ़्स यांच्या परंपरेत चार ठिकाणी (18:1, 36:52, 75:27 व 83:14) श्वास न सोडता क्षणभर थांबावयाचे असते. त्यास ‘सक्ता’ म्हणतात. 11व्या सूरहच्या 41व्या आयतीत एका शब्दातील आकार एकारकडे झुकवून उच्चारला जातो. संपूर्ण कुरआनात या परंपरेत असा हा एकच शब्द आहे. मुद्रित प्रतीत तेथे एक छोटे चिन्ह असते, परंतु आकार नेमका किती झुकवावा हे चिन्ह सांगत नाही.

याहून अधिक बोलके उदाहरण 12व्या सूरहच्या 11व्या आयतीत आहे. तेथील एका शब्दात द्वित्त ‘न’ उच्चारत असताना ओठ उकार काढावयाचा असल्याप्रमाणे गोल करावयाचे असतात; उकार मात्र काढावयाचा नसतो. यास ‘इश्माम’ म्हणतात. हा ‘उच्चार’ ऐकूच येत नाही, तो केवळ दिसतो. इ.स. 1961 मध्ये इजिप्तमध्ये महमूद ख़लील अल्-हुसरी (1917–1980) यांच्या आवाजातील संपूर्ण कुरआनचे ध्वनिमुद्रण झाले आणि तेव्हापासून उत्तम पठण घरोघरी पोहोचले. कॅसेट, सीडी व आता मोबाइल या साधनांनी विद्यार्थ्याच्या कानावर अपार उपकार केले आहेत. इश्माम मात्र कोणत्याही ध्वनिफितीत उमटत नाही. तो शिकण्यासाठी विद्यार्थ्याने शिक्षकाच्या ओठांकडे पाहणे आणि शिक्षकाने विद्यार्थ्याच्या ओठांकडे पाहणे अटळ आहे.

तज्वीदच्या परंपरेत ग्रंथापेक्षा ‘मुशाफ़हा’ला, म्हणजे समोरासमोरच्या मुखपाठाला, अधिक प्रमाण का मानतात, हे यावरून स्पष्ट होते. विद्यार्थी संपूर्ण कुरआन शिक्षकाला ऐकवितो, प्रत्येक चूक तेथल्या तेथे दुरुस्त केली जाते आणि शिक्षक समाधानी झाल्यास ‘इजाज़त’ देतो. त्या इजाज़तपत्रात शिक्षकाचा शिक्षक, त्याचा शिक्षक अशी पैगंबरांपर्यंत जाणारी नामावली असते. वैदिक पठणपरंपरेत शिक्षा व प्रातिशाख्य ग्रंथ असूनही संथा गुरुमुखातूनच घेतली जाते, त्याच्याशी याचे साधर्म्य उघड आहे. आपल्याकडील भाषाविज्ञानाच्या अध्यापनात प्रातिशाख्यांचा उल्लेख आदराने होतो. तज्वीदचा मात्र क्वचितच होतो. वास्तविक ध्वनिविचाराच्या इतिहासात दोहोंचे स्थान तुल्यबळ आहे.

परंपरा जिवंत असल्याने तिच्यात मतभेदही आहेत. ‘ब’पूर्वीच्या ‘म’मध्ये ओठ पूर्ण मिटावेत की त्यांत सूक्ष्म फट ठेवावी, यावर आजच्या नामवंत क़ारींमध्येही एकमत नाही आणि दोन्ही बाजू आपापल्या गुरुपरंपरेचाच दाखला देतात.

लहन, देवनागरी प्रती आणि प्रौढ अध्येता :

पठणातील चुकीस ‘लहन’ म्हणतात व तिचे दोन प्रकार मानतात. वर्ण वा स्वर बदलल्याने होणारी उघड चूक म्हणजे ‘लहन जली’. फ़ातिहामधील ‘अन्अम्त’ (तू कृपा केलीस) हा शब्द अन्त्य उकाराने वाचल्यास ‘मी कृपा केली’ असा अर्थ होतो, हे तिचे सुपरिचित उदाहरण. ग़ुन्ना कमी पडणे, मद्द आखूड होणे यांसारखी, केवळ जाणकाराच्या लक्षात येणारी चूक म्हणजे ‘लहन ख़फ़ी’. पहिला प्रकार निषिद्ध, हे निर्विवाद आहे. दुसऱ्याविषयी शास्त्रकारांची भूमिका कमी-अधिक कठोर आहे.

मकतबात जाणाऱ्या मुलाचा मार्ग ठरलेला असतो. प्रथम ‘नूरानी क़ायदा’ ही लुधियानाच्या मौलाना नूर मुहम्मद यांनी सिद्ध केलेली अक्षरपुस्तिका, मग पाहून पठण आणि पुढे इच्छा असल्यास मुखोद्गत करणे. मौलाना अशरफ़ अली थानवी (इ.स. 1863–1943) यांचे ‘जमालुल् क़ुरआन’ हे उर्दू पुस्तक तज्वीदच्या पहिल्या धड्यांसाठी दीर्घकाळ वापरात आहे. प्रश्न उद्भवतो तो मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि उर्दू वा अरबी लिपी न येणाऱ्या प्रौढांचा. त्यांच्यासाठी बाजारात देवनागरी लिप्यंतर असलेल्या प्रती व नमाजेच्या पुस्तिका उपलब्ध आहेत. अनेक उलेमांनी केवळ अन्य लिपीत कुरआन छापण्यास विरोध दर्शविला आहे. लेखाच्या आरंभीचे ‘अलीम’ हे उदाहरण पाहता त्या विरोधास ध्वनिशास्त्रीय आधार आहे, हे मान्य करावे लागते. नुक्त्यांची संख्या वाढवून सर्व भेद दाखविता येतील. पण ज्याने तो ध्वनी ऐकलाच नाही त्याला तीन नुक्ते असलेला ‘स’ आणि एक नुक्ता असलेला ‘स’ सारखेच. दुसरीकडे, या पुस्तिका नसत्या तर त्यांपैकी कित्येकांनी पठणाचा आरंभच केला नसता, हेही तितकेच खरे. पुस्तिकेला शिक्षकाच्या भेटीपर्यंतचा आधार मानणे आणि तिला शिक्षक मानणे, या दोहोंत अंतर आहे.

प्रौढाची जीभ वळत नाही व समाजात चुकण्याची लाज वाटते, म्हणून तो पठण सोडून देतो किंवा हळू आवाजात चूक झाकतो. बुख़ारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत, अडखळत व कष्टाने वाचणाऱ्यास दुहेरी पुण्य आहे, अशा आशयाचे पैगंबरांचे वचन नोंदलेले आहे आणि शिक्षक ते अशा विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतात. इब्नुल् जज़री यांनी आपल्या ‘अन्-नश्र’ या ग्रंथात वाचकांचे तीन वर्ग केले आहेत : उत्तम वाचून पुण्यास पात्र होणारा, दोषपूर्ण वाचून दोषी ठरणारा आणि क्षम्य. शुद्ध उच्चार शिकण्याची सोय असतानाही घमेंडीने वा बेफिकिरीने आपल्या चुकीच्या सवयीस चिकटून राहणारा दुसऱ्या वर्गात येतो. तिसऱ्या वर्गात ते दोन प्रकारच्या लोकांना ठेवतात : ज्याची जीभ प्रयत्नांती वळत नाही असा, आणि ज्याला योग्य उच्चार सांगणारा कोणी भेटलाच नाही असा. देवनागरी पुस्तिकेवरून वाचणारा बहुसंख्य मराठी भाषक आज या शेवटच्या वर्गात मोडतो. गावात जाणकार क़ारी आल्या दिवसापासून मात्र त्याची ती सवलत संपते.